जुळ्या बहिणींचा पिक्चर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीमास्तरांच्या कानावर शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडत होतं.

"वहिनी, जुन्या रहस्यपटांची सर नव्यांना नाही. नुसतं दार करकरलं तरी माझी बोबडी वळायची."

"आणि तीन तासांत त्या दाराला कुणी तेल घालायचं नाही! त्यापेक्षा नवे बरे. पटापट मुडदे पडतात, स्वयंपाकाला उशीर होत नाही."

"विनोदी मात्र जुनेच हं. नव्यांत कुठं हसायचं तेच कळत नाही."

"तुमच्या बंधूंना कशातच कळत नाही. विनोदी लावला की घोरतात. परवा तो बंगल्यातल्या खुनाचा लावला, तर पोट धरून हसले."

"जुळ्या बहिणींचा? त्याचा शेवट काय भारी आहे!"

मास्तर ताठ झाले. तोच पिक्चर त्यांनी काल अर्धा पाहिला होता आणि उरलेला आज जेवल्यावर बघायचा होता. "शेवट सांगू नका" असं ते ओरडले, पण सुजल्या गालातून "शेवत शांगू नता" एवढंच निघालं.

"अगंबाई, किती कळवळताहेत! काका, आमच्या आधी तुम्हीच जा."

सुटलो एकदाचा, म्हणत मास्तर आत गेले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला.

"दुखलं तर हात वर करा. बाहेर जुळ्या बहिणींच्या पिक्चरचं चाललंय वाटतं? मीही पाहिलाय."

मास्तरांनी दोन्ही हात वर केले.

"अहो, अजून मी दाताला हातसुद्धा लावला नाही! गोष्ट ऐका, म्हणजे दुखणार नाही. तर खून केलेला असतो माळ्यानं."