‘ते गेले’ असे म्हटल्याबाबत

मी, वसाहतीत फिटरकाकू म्हणून ओळखली जाणारी, वय सदुसष्ट, व्यवसाय शिवणकाम, राहणार कागद कारखान्यामागील कर्मचारी वसाहत, तळमजला, आज ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांना कारखान्याच्या फंडातून पेन्शन मिळे. सभासदाच्या मागे ती बंद होते व पत्नीला निम्मी सुरू होते, त्यासाठी मृत्यूचा दाखला कचेरीत द्यावा लागतो, हे मला ठाऊक होते. दाखला घरात होता.

पती मार्चमध्ये गेले. पुढच्या महिन्यात पेन्शन कचेरीतील कारकून बाईंचा फोन आला. त्या दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी फोन करीत व पतींची थट्टा करीत. त्यांनी विचारले, “काका आहेत का?” मी म्हटले, “ते गेले.” त्या म्हणाल्या, “आज कुठे? परत कुणाचा नळ दुरुस्त करायला? कधी येतील?”

असे मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, “जेवायच्या वेळेपर्यंत येतील.” त्या म्हणाल्या, “आले की सांगा, सही केली नाही तर कागदावर मारूनच टाकते त्यांना.” आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी मी दोघांचा स्वयंपाक केला.

पुढेही बाईंचे फोन येत. काका गच्चीवर आहेत, बाजारात आहेत, असे मी सांगत राहिले. एकदा खोकला झाल्याचे सांगितले. बाईंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. मी पाणी गरम केले.

माझ्या शब्दावर बाईंनी ‘सभासद हयात’ असा शेरा मारला. पेन्शनच्या खात्याला मी हात लावलेला नाही. बँकेत खात्री करावी.

गेल्या सोमवारी बाई स्वतः सही घ्यायला घरी आल्या. दारात पतींच्या चपला होत्या. बाईंनी आत पाहून हाक मारली, “काका, उठा बघू, मीच आलेय.” मी त्यांना आत बसवले. मग सांगितले.

कचेरीने बाईंना घरी बसवले असून आमचे संगनमत असल्याची तक्रार दिली आहे. संगनमत नव्हते. बाईंना काही माहीत नव्हते. त्यांना कामावर परत घ्यावे.

लिहून घेणारे हवालदार म्हणाले, “काकू, नुसतं ‘गेले’ चालत नाही इथे. वाचणारा विचारेल, कुठे गेले? ‘मयत’ लिहावं लागतं.” मी थोडा वेळ मागितला. त्यांनी पाणी दिले. आता सांगते की, माझे पती मयत आहेत.

वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला असून मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचायला सांगितले, ते त्यांनी पुन्हा वाचले. बरोबर आहे.