शेषरावची विहीर

लेकीला हगवण लागल्याचा निरोप आला, तशी लिलाबाई मालेगावहून वाशीमच्या बसमध्ये बसली. पुढच्याच सीटवर लेकीचा घरमालक शेषराव सोबत्याशी बोलत होता. मागे कोण बसलंय, हे त्याने पाहिलं नव्हतं.

"नळपट्टी वाढली, म्हणून म्या भाडेकरूंचा नळच तोडला. विहीर हाय ना आंगनात."

"अन् त्यायच्या संडासाचं काय?"

"खड्डा खंदला विहिरीपाशीच. नाली लांब न्याले लय खर्च येते."

"अबे, ते पाणी तू पेतं काय?"

"मी कायले पेऊ? माह्या घरी नळ हाय."

"कोणी बिमार पडलं तं?"

"पडली ना एक पोरगी. कालच सांगून आलो तिले, बाई, पाणी भरपूर पे."

लिलाबाई ताडकन उठली.

"कंडक्टरभाऊ, गाडी जोरात हाणाले सांगा वो!"