झोपेत दात खाता का?

सुजलेला गाल हातात धरून शिक्षिका दाताच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी एक सासू-सून कुजबुजत होत्या, पण ती कुजबूज पार दारापर्यंत पोचत होती.

“आई, झोपेत दात खाता का असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही ‘नाही’ असं का सांगितलंत?”

“मी दिवसा खाते. तुझ्यावर.”

“थट्टा पुरे. हाडात बसवायचा स्क्रू टायटॅनियमचा आहे, तो वर्षानुवर्षं टिकेल. पण वरचा दात चिनी मातीचा. रात्रभर घासलात तर तडकेल म्हणाले. मग झिर्कोनियाचा घ्यायला हवा, तो चिवट असतो.”

“चिनी मातीचाच बरा. अगदी खरा दिसतो.”

“आणि तडकला की?”

“मी खातच नाही म्हटलं ना. झोपेतलं तुला काय कळतंय?”

“भिंतीपलीकडे ऐकू येतं, आई.”

“रोज?”

“रोज.”

“कधीपासून?”

“बाबा गेले तेव्हापासून.”

शिक्षिका उगाच पंख्याकडे पाहू लागली.

“तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?”

“नाही. ते आडवे झाले की घोरायला लागतात. त्यांना वाटतं, तुम्हाला आता शांत झोप लागते.”

“तसंच वाटू दे.”

आतून हाक आली. सासू उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

“तूही चल. दातांचं तूच सांग. कधीपासून असं त्यांनी विचारलं, तर मला बोलता यायचं नाही.”