गच्चीवरचे तांदूळ

कोल्हापूरच्या स्टँडवर चंदगडची गाडी लागायची होती. माझ्या शेजारच्या बाकावर पिशवी घेऊन धोंडुबाई बसलेल्या. त्यांच्या गल्लीतली अक्षता त्यांना सोडायला आलेली.

"मावशी, लेक बाळंत झालीया आणि तुमचं तोंड असं का?"

"महिनाभर मी न्हाई. गच्चीवर चिमण्यांना तांदूळ कोण टाकणार?"

"खातील की दुसरीकडं."

"सून म्हणती, आयतं खायची सवय लागली की त्यांना हुडकून खायला जमत न्हाई. उपाशी मरत्यात."

"मग टाकूच नका."

"आणि परवा फोनवर आलतं, कच्चा तांदूळ पोटात फुगून बी मरत्यात."

"म्हंजे टाकला तरी मरत्यात, न्हाई टाकला तरी मरत्यात?"

"तेच तर मला कळंना झालंय."

"मावशी, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालतं, तवा महिनाभर तुम्ही गच्चीवर गेला न्हाईसा. तवा कोण टाकत होतं?"

"कोणच न्हाई."

"मग मेल्या का चिमण्या?"

"कुठल्या? वर जाऊन बघितलं तर पिल्लं बी झालती."

"मग झालं की. उठा, गाडी लागली."

"व्हय. पण अक्षता, मग इतकी वरसं मी तांदूळ कुणासाठी टाकतोय?"