पाय धुण्याचा रविवार

(जूनमधली दुपार. केंटकीच्या डोंगरातल्या चर्चमधून घरी निघालेली जुनी गाडी. गाडी चालवणारा होबार्ट तिथला डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा सेवक. येशूनं शिष्यांचे धुतले तसे वर्षातून एकदा, जूनमध्ये, तिथं पुरुष पुरुषांचे आणि बायका बायकांचे पाय धुतात; आज तो रविवार होता. शेजारी त्याची बायको ओपल.)

होबार्ट : ते काही नाही. चर्चच्या शनिवारच्या सभेत मी उभा राहणार आणि नाव घेऊन बोलणार. बाप्तिस्मा झाल्याशिवाय पाय धुवायला उठायचं नसतं, हे लुएलाला चांगलं ठाऊक होतं.

ओपल : ठाऊक होतं. म्हणून तर भीत भीत आली.

होबार्ट : तू तिची बाजू घेतेस?

ओपल : पाय माझे धुतले तिनं. मग बाजू कुणाची घेऊ?

होबार्ट : शेवटच्या बाकावरून उठली ती थेट बायकांच्या रांगेत. बाई असून केस कापलेले, कमरेला टॉवेल. आमच्या बाजूला सगळ्यांच्या माना वळल्या. माझा पाय एल्डनच्या हातात, आणि तोही तिकडंच बघतोय.

ओपल : मग पाणी सांडलं असेल तुझ्या नव्या मोज्यांवर. काल किती वेळ टाचा घासत होतास. साबणाची वडी संपवलीस.

होबार्ट : सगळेच घासून येतात. घाणेरडा पाय कुणी भावाच्या हातात देतं का?

ओपल : नाही देत. इतकी वर्षं आपण एकमेकांचे धुतलेलेच पाय धुतोय, होबार्ट.

होबार्ट : विषय बदलू नकोस. मंडळीत कुणाला घ्यायचं, याची एक रीत आहे. मार्चमध्ये तिला पुढं उभं करून विचारलं, बाई, प्रभूनं तुला कुठं गाठलं? रानात, आजारपणात, झोपेत, कुठं? तर म्हणे, गाठलं की नाही ते माहीत नाही, मला इथं येऊन बसावंसं वाटतं. ही काय साक्ष झाली? डोळ्यांत टिपूस नाही.

ओपल : बाकी सगळ्यांनी हात वर केले होते. तू नाही केलास.

होबार्ट : एक हात खाली राहिला तरी बाप्तिस्मा थांबतो. ती जबाबदारी माझ्यावर आहे. खरं रडणं मी लांबून ओळखतो. मॉडी बघ. गाणं सुरू झालं की गालांवरून धारा.

ओपल : आज माझे पाय मॉडीनं धुवायचे होते.

होबार्ट : मग?

ओपल : तसराळं घेऊन बसली माझ्यापुढं. रडत होती, छान रडत होती. डावा मोजा उतरवला आणि तिला वास आला. दोन बोटं पाण्यात घातली, काढली, तसराळं तिथंच ठेवलं आणि शेजारच्या रांगेत दुसऱ्याच बाईपुढं जाऊन बसली. रडणं चालूच.

होबार्ट : कसला वास?

ओपल : टाचेला जखम आहे. साखर वाढलीय ना माझी, भरतच नाही. चिघळलीय.

होबार्ट : आणि मला सांगितलं नाहीस? एका पलंगावर झोपतो आपण.

ओपल : तू उभा राहून माझ्या टाचेसाठी प्रार्थना केली असतीस. मोठ्यानं.

होबार्ट : ओपल...

ओपल : पुढं बघ. गाडी कडेला चाललीय.

होबार्ट : मग काय झालं?

ओपल : सगळ्यांचे पाय कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर, आणि माझा एकटीचा उघडा लोंबतोय. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तेवढ्यात मागून कुणीतरी चालत आलं.

होबार्ट : काही बोलली का ती?

ओपल : एवढंच विचारलं, हे डॉक्टरला दाखवलंय का?

होबार्ट : प्रार्थना? एखादं वचन?

ओपल : काही नाही. पट्टी चिकटली होती, ती भिजवून भिजवून सोडवली. घाई केली नाही, तोंड फिरवलं नाही. पाय पुसला आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. होबार्ट, प्रभू आपल्यामध्ये आहे, असं आपण गाण्यात म्हणतो, जेवायला बसताना म्हणतो. आज मी मान वर करायला घाबरले. वाटलं, मान वर केली तर दिसेल.

होबार्ट : काय दिसेल?

ओपल : काय नाही. कोण.

(होबार्ट गाडी पुलाकडं वळवतो.)

ओपल : पुलाकडं कशाला वळवलीस? घर तिकडं आहे.

होबार्ट : लुएलाचं घर इकडं आहे.

ओपल : तिला बोलायचं नाही हं.

होबार्ट : विचारायचंय फक्त. तू गाडीतच बस. (लुएलाच्या दारापुढं गाडी थांबवून उतरतो, टोपी काढतो.) लुएला, आहेस का घरात?

लुएला : आहे, ब्रदर होबार्ट. तुम्ही येणार हे माहीत होतं मला. चुकलंच माझं. शनिवारी मी येतच नाही. यापुढंही नाही. तुम्हाला माझं नाव घ्यायला लागायला नको.

होबार्ट : ते राहू दे.

लुएला : टोपी घाला. ऊन आहे.

होबार्ट : राहू दे तीही. मला सांग, हिचा पाय तुझ्या हातात होता तेव्हा तुला काय झालं? मार्चमध्ये विचारलं तसं नाही विचारत. मला कळत नाहीये म्हणून विचारतोय.

लुएला : काय होणार? घाबरले होते. उठायचं नाही हे कळत होतं. पण तो एक पाय तसाच उघडा राहिला होता, बघवेना. उठून गेले.

होबार्ट : आणि मग?

लुएला : मग भीती गेली. कशी ते नका विचारू. पाणी विहिरीचं, गारठणक होतं. सिस्टर मॉडींनी बोटं घालून लगेच काढली ती मी पाहिली होती. माझ्या हाताला ते कोमट लागलं. आणि पाय मी धरलाय, पण... जाऊ द्या, हसाल तुम्ही.

होबार्ट : नाही हसणार.

लुएला : मलाच कुणीतरी धरलंय असं वाटलं. सोडूच नये असं.

ओपल : (गाडीतून) मलाही पाणी कोमटच लागलं, होबार्ट.

लुएला : हो का? मला वाटलं माझेच हात बधिर झाले.

होबार्ट : हे शनिवारी सांगशील?

लुएला : यात सांगण्यासारखं काय आहे? रडूसुद्धा आलं नाही मला.

होबार्ट : नसेल आलं. तू ये. पुढं उभी राहा आणि आत्ता बोललीस तेवढंच बोल.

लुएला : आणि तुमचा हात?

होबार्ट : सगळ्यांच्या आधी वर असेल. लोकांची आसवं तोलण्यात माझा जन्म गेला, लुएला. आज खरी गोष्ट माझ्यापासून चार बाकांवर होती आणि मी नियम मोजत बसलो होतो. मला भीती वाटतेय.

लुएला : मलापण वाटली होती. जाते ती. आता यांना डॉक्टरकडं न्या आधी.

ओपल : उद्या नेईल तो.

होबार्ट : उद्या नाही, आत्ता. शहरातला दवाखाना रविवारी उघडा असतो.

ओपल : अंगावरचा सूट तरी बदल. अरे, आता कुठं थांबलास? गाडीत बस ना.

होबार्ट : बसतो. लुएला, पुढच्या जूनमध्ये मी पाय घासून येणार नाही.