आमी नॅरो डाऊन केलंय!

...आन् वर मलाच म्हणत्यात, गप बसा! आवो, सख्ख्या पोराचं लगीन, आन् बापानं तोंड उघडायचं नाय? तुमाला सांगतो राव, ह्या नॅरो डाऊननं घात केला माजा!

व्हतं काय, आमच्या मोहितला पोरगी मिळंना. शेती करतो म्हणलं की पावणं अर्धा चहा टाकून उठायचं. शेवटी लोणीचं एक स्थळ आलं. एकच! तर माजा पुण्याचा पुतण्या, ऋषी, गाडीत मला शिकवतोय, "काका, गरजू दिसायचं नाही. सांगायचं, खूप स्थळं होती, नॅरो डाऊन करून तुमच्याकडं आलो." म्हंजे रं? "म्हणजे चाळून चाळून एकावर आलो." मला लई आवडलं बगा! आमच्या महाळुंग्यापासनं लोणीपातुर घोकत गेलो.

पोहे आले आन् मी दिलं ठेवून, "आमी नॅरो डाऊन केलंय!" बैठक गार! पोरीचा बाप सावरून बसला. मनात म्हणलं, जमलं.

तर पोरगी, नूतन, ट्रे ठेवून समोरच बसली की वो! मान खाली-बिली काय न्हाई. "मग काका, बाकीच्या कोण होत्या?"

आता आली का पंचाईत! म्हणलं, एक व्हती... खोडदची. तिथं ती आभाळ बगायची मोठी दुर्बीण हाय न्हवं, तिच्या हापिसात नोकरीला. "तिचं काय खटकलं?" म्हणलं... उंची! जरा जास्तीच उंच व्हती...

तवर कोपऱ्यातनं तिची मावशी उठली, द्रौपदाबाई. कुठली? खोडदची! "दुर्बिणीत नोकरीला आमच्यातली एकच पोर हाय, माजी ज्योत्स्ना. तिला तुमी कवा बगितली वो? दोन लेकरं हायती तिला!"

मेलो! धरणीमाय, पोटात घे! बायको पदराआडनं चिमटं काढतीय, ऋषी मोबाईलमदी तोंड घालून बसलाय... नॅरो डाऊन शिकवणारा! आन् मोहित, माजं सोताचं पोरगं, उठून म्हणतंय, "आबा थापा मारत्यात. हे एकच स्थळ हाय. दुसरं कुणी दारात उभं करत न्हाई."

आरं कर्मा! ह्या नॅरो डाऊननं घात केला माजा! म्हणलं संपलं, घाला चपला.

तर पोरगी हसली वो! म्हणाली, "मला मुलगा पसंत आहे. खरं बोलतो." मी हुरळलो, काय बोलणार तेवढ्यात... "पण अट आहे. इथून पुढं बोलणी मोहितच करतील. आबांनी बोलायचं नाही." समद्यांनी टाळ्या वाजवल्या राव! आमच्या बायकोनं समद्यात आदी!

आता घरात कापडं, मांडव, आचारी, समदी बोलत्यात. माजं काम तेवढं नॅरो डाऊन झालंय... फकस्त मान हलवायची. म्हणून तर मगासधरनं तुमाला हितं टपरीवर धरून बसलोय... घरी कोण बोलू देतंय!