रेवणप्पांनंतर इंजिनाला हात लावल्याबाबत

मी गौरीशंकर महालिंगप्पा बिराजदार, वय ४३, धंदा खते-औषधांचे दुकान, रा. सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव.

समक्ष ठाण्यात हजर राहून पुरवणी जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी श्रीदेवीसह राहतो. मला वेगवान गाड्यांचा शौक आहे. गाडीतले कळते, असाही माझा समज होता.

दि. ३ मार्च २०२५ रोजी माझी टर्बो डिझेल कार सोलापूरचे मेकॅनिक रेवणप्पा, वय ६०, यांच्याकडे इंजिन ट्यूनिंगला दिली. त्यांनी दोन दिवस ती गॅरेजमध्ये, चाके जागेवरच फिरवणाऱ्या रोलरवर पळवून, धूर व तापमान बघून इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल केले. गाडी पुष्कळ पळू लागली. "आता हात लावू नगा मालक, हिला एवढंच झेपतंय," असे ते म्हणाले. म्हातारा भित्रा आहे, असे माझे मत झाले.

दि. ८ रोजी दुपारी मी तीन व्हिडिओ पाहून, गाडीला लॅपटॉप जोडून टर्बोचा दाब व डिझेल वाढवले. त्यासाठी लागणारी सेटिंगची फाइल टेलिग्रामवरील एका अनोळखी माणसाने दिली. त्याची गाडी कोणती, हे विचारायचे सुचले नाही. समाधान न झाल्याने एकूण चार वेळा वाढवले.

दि. ९ रोजी पत्नीसह दर्शनाला जाताना तुळजापूरच्या अलीकडील चढावर मी एका एसटीला मागे टाकले. मिनिटभरात काळा धूर निघून गाडी बंद पडली. पिस्टनला भोक पडल्याचे नंतर कळले. तीच एसटी शेजारून गेली. खिडकीतल्या लोकांनी हात हलवला, मीही हलवला. पत्नी म्हणाली, "दुकानात लोकास्नी सांगता की, बाटलीवर लिवलंय तेवढाच डोस टाका. घरी आल्यावर काय झालं?"

पत्नी नको म्हणत असताना दि. १० रोजी मी याच ठाण्यात, रेवणप्पांनी इंजिन बिघडवले, त्यांच्यानंतर कोणी हात लावला नाही, असा खोटा जबाब दिला. तो गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. त्यामुळे पाच जणांनी रेवणप्पांकडून आपल्या गाड्या अर्धवट कामासह परत नेल्या.

आज रेवणप्पांनी ठाण्याच्या आवारात ओढून आणलेल्या माझ्या गाडीला लॅपटॉप जोडला. इंजिनाचा कॉम्प्युटर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, हे एकाही व्हिडिओत नव्हते. माझे चारही बदल तारखेसह दिसले. रेवणप्पा रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "तुमचं इंजिन गेलं. माझं चाळीस वर्षाचं नाव गेलं की वो." मला लाज वाटली, अजून वाटते.

मी लगेच ग्रुपवर लिहिले, 'मी खोटे बोललो, इंजिन मीच जाळले.' पहिले उत्तर आले, 'अण्णा, पोलिसांनी लई दम दिला का?' त्याला सतरा जणांनी अंगठा दिला. रेवणप्पांनी ते वाचून फोन मला परत दिला.

तरी मुद्दाम नमूद करतो की, मजवर कोणाचाही दबाव नाही. जबाब वाचून दाखवताना हे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. याची एक प्रत रेवणप्पांना द्यावी, गॅरेजच्या भिंतीवर लावायला.